दुधाळ रक्ताचा खुलासा

चि. सुईबाईस मोठ्या मामाचे अनेक आशीर्वाद. (वयानं तू धाकटी, पण दंडाला पट्टा आवळून सुई टोचणाऱ्या माणसाला मान द्यावाच लागतो.) तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत? तिला म्हणावं, जिने कमी चढ. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि सगळ्या घोळाचं मूळ तेच आहे. तुझ्या धाकट्या मामाला किडनी देण्याइतका ठणठणीत आपल्या घरात मी एकटाच निघालो.

रक्त तपासायच्या पहिल्या वेळी "बारा तास उपाशी राहून ये" असं तू बजावलं होतंस. मी राहिलोही. पण सकाळी सहाला, एका गिऱ्हाइकाचं कपाट पोचवायला निघताना, हात आपोआप पावाला लोणी लावू लागला. करवत उचलताना मी कुठे विचार करतो, तसंच ते. पाव दोनच, लोणी मात्र बोटभर जाड (तुझी मामी होती तेव्हा म्हणायची, हे लोण्याला पाव लावून खातात). दहाला तू रक्त घेतलंस, नळी यंत्रात फिरवलीस, आणि वर पिवळसर पाणी यायचं तिथे दूध आलं. तू नळी उजेडात धरून शांतपणे म्हणालीस, "मामा, हे लोणी आहे." चाळीस वर्षं मी फळी बघून झाड ओळखतो, आणि माझी भाची रक्त बघून माझी न्याहारी ओळखते.

तरी मी हुज्जत घातलीच. लोणी गेलं पोटात, ते रक्तात कसं येईल, पोट काय गळकं आहे? तेव्हा तू एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून समजावलंस, तेही सुतारालाच कळेल अशा भाषेत. चरबीचा कण म्हणजे तीन पायांचं स्टूल. पित्त साबणासारखं काम करून चरबीच्या गोळ्याचे बारीक थेंब करतं. पण आतड्याच्या पेशीचं दार अरुंद, सबंध स्टूल आत जात नाही. म्हणून बाहेरच दोन पाय काढायचे, एक तसाच ठेवायचा, सुटे भाग आत न्यायचे आणि आत गेल्यावर पाय पुन्हा ठोकायचे. (त्या पेशीबद्दल मला आदरच वाटला. अरुंद जिन्यावरून कपाट चढवताना आम्ही हेच करतो, फक्त आमचे दोन स्क्रू उरतात.) मग अशा पुष्कळ स्टुलांचा गठ्ठा बांधून, वर प्रथिनांचं वेष्टन घालून पेशी तो रवाना करते. गठ्ठा इतका मोठा की शेजारच्या बारीक रक्तवाहिनीत शिरत नाही; तो लसिकावाहिनीच्या बोळातून छातीपर्यंत चढतो आणि मानेखाली रक्ताला मिळतो. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी रक्तात ही गर्दी सगळ्यात जास्त असते. पाकीट मी जपून ठेवलं आहे.

पुढच्या मंगळवारी पुन्हा दूध आलं. पाण्याशिवाय काही घेतलं नाही, असं मी शपथेवर सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि नळीवर चिठ्ठी चिकटवलीस. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटीही रक्तात एवढी चरबी राहत असेल तर मला वगळावं लागेल. येत्या मंगळवारी शेवटचं बघू. घरात किडनी देऊ शकेल असं माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. धाकटा आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो. मी तिथे जाऊन त्याला हे सांगितलं, तर त्यानं मोकळ्या हातानं माझा हात धरला. "दादा, मनाला लावून घेऊ नकोस. रक्तच तसं असेल तर तू तरी काय करणार?" वर माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो.

तेव्हा तू डॉक्टरांना एवढंच सांग की आमच्या घराण्यात रक्त दुधाळच असतं, तिसऱ्या तपासणीत काही अर्थ नाही.

तुझा,
मोठा मामा

ता. क. शेवटचं वाक्य खोडून टाक. घराण्यात तसं काही नाही. पहिल्या वेळचं लोणी सवयीनं खाल्लं होतं. दुसऱ्या वेळचं मी तुझं पाकीट समोर ठेवून, तास मोजून खाल्लं. मला भीती वाटते गं. त्या टेबलावर आडवं व्हायची, पोट चिरून घ्यायची, पुन्हा उठेन की नाही याची. लाज त्याहून जास्त वाटते, तरी भीती जात नाही.

ता. क. २. सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे राहायला ये. लोण्याचा डबा शेजारी देऊन टाक आणि सकाळी मला हाताला धरून ने. वाटेत मी काहीतरी निमित्त काढीन, त्यात माझा हातखंडा आहे. तेव्हा हे पत्र पिशवीतून काढ आणि रस्त्यातच मला मोठ्यानं वाचून दाखव. धाकट्याला मात्र दाखवू नकोस. तो मला लगेच माफ करील, आणि ते मला सोसणार नाही.