पुलावरची रांगोळी

मंगळवार संध्याकाळ, डोंबिवली

ती रांगोळी काही डोक्यातून जात नाहीये.

घाटात रानातल्या जनावरांना हायवे ओलांडता यावा म्हणून आम्ही पूल बांधलाय, वर माती टाकून, झाडं लावून. परवा आईला तो दाखवायला नेलं, तर तिने पर्समधून रांगोळीची पुडी काढली आणि पुलाच्या तोंडाशी ठिपके घालायला बसली! मी वैतागले. "आई, माणसाचा वास आला तर एकही जनावर फिरकणार नाही इथे." तर म्हणे, "नवी वास्तू आहे गं, बोडकी कशी ठेवायची?"

आज साइटवर गेले. रांगोळी तशीच, फक्त मधोमध इवल्याशा खुरांचे ठसे. भेकराचे! खाली ट्रक धडधडतायत आणि ते बिचारं... बिचारं कसलं, राजासारखं त्या रांगोळीतून चालत गेलं. मी तिथेच मातीत बसून राहिले.

घरी येऊन सांगितलं, तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. गौरीची पावलं काढताना विचारते तसं हळूच विचारलं तिने, "आत येतायत की बाहेर जातायत?"

आत कुठलं आणि बाहेर कुठलं? दोन्हीकडे रानच. बाहेरचं काही असेल तर तो मधला रस्ता, आपला.

"पलीकडे गेलीयेत, आई," एवढंच म्हणता आलं.