दारूबंदीच्या अध्यक्षाचं लिव्हर

चिरंजीव शेषराव यास थोरल्या भावाचा, म्हणजे पंजाबरावचा, पोटातून आशीर्वाद (पोटच सध्या गावात गाजून राहिलं, म्हणून तिथूनच पाठवतो). अकोल्यात ऊन कसं आहे? सूनबाईचे गुडघे काय म्हणतात? आमी इकडं मजेत, म्हणजे जेवढं मजेत राहता येते तेवढं.

माह्या लिव्हरमंधी कॅन्सरची गाठ निघाली हे तुले फोनवर सांगतलंच. गावाले मात्र भलतंच समजलं. गावाचं गणित सरळ: लिव्हर गेलं म्हणजे दारू. आता मी बावीस वर्षांपासून दारूबंदी समितीचा अध्यक्ष, खोकल्याचं औषधही आधी हुंगून मंग पिणारा माणूस! तरी समितीची बैठक बसली आन् सचिव केशवरावनं मलेच नोटीस काढली, खुलासा करा. (नोटिशीखाली अध्यक्षाची सही लागते. केली बाप्पा. नियम म्हणजे नियम.)

त्याहून भल्ला ताप झाला पिणाऱ्यांच्या मायेचा. ज्या बुधाजीले मी दोनदा काठी घेऊन पांदणीपर्यंत पळवलं, तो संत्री घेऊन आला आन् गळ्यातच पडला. म्हणे, "भाऊ, तुमी आमच्यातलेच निघाले! आधी सांगतलं असतं तर मी एवढा पळालो असतो काय?" तुही वहिनी पदरात तोंड घालून हसून राहिली. मले मात्र लय झोंबलं.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं तवा खरं निघालं. दारू नाही, हिपॅटायटिस बी. हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमंधी गुपचूप बसून होता. ऑपरेशन जमत नाही, म्हणून इम्युनोथेरपी, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. बाई म्हणे, गाठ घरच्या माणसाचं सोंग घेऊन बसते, आन् अंगातला जागल्या, म्हणजे रातचा पहारेकरी, फसते. हे औषध त्याची झापड काढते. सगळ्यांलेच लागू पडते असं नाही, हेही तिनं तोंडावर सांगतलं. मी म्हटलं, लावा सुई! बावीस वर्षं समिती जागी ठेवली, एक जागल्या जागवणं काय अवघड? चार सलाईन झाल्या. अंगभर खाज सुटली (जागल्या एकदा उठला की घरच्यालेही काठी हाणते, त्याच्या गोळ्या दिल्या), पण स्कॅनमंधी गाठ आकसली. थोडीच आकसली, पण मी काही हटत नाही. बुधाजी दर खेपेले सोबत येते. वॉर्डात पिऊन येऊ देत नाहीत, म्हणून त्या दिवशी तो कोराच असते.

बाकी सारं क्षेम. तू काळजी करू नको.

तुहा दादा,
पंजाबराव

ता. क. काळजी कर. हा विषाणू मायकडून लेकराले जन्मतःच येऊ शकते, असं बाई म्हणे. आपली माय पोट फुगून गेली, गावानं करणी म्हटलं, आन् रक्त कोणीच तपासलं नाही. आपण दोघं एकाच मायचे. मले तुह्यासाठी भेव वाटते, शेषा. पण मी फोनवर "रक्त" म्हटलं की तुह्या फोनची रेंज जाते.

आणखी ता. क. म्हणून हे पत्र बुधाजीच्या हातून पाठवलं. तू वाचेपर्यंत तो तुह्या ओट्यावर बसला असंल. तू तपासणीले रक्त दिल्याबिगर उठायचं नाही, आन् तोवर थेंबालेही शिवायचं नाही, अशी शपथ घेऊन आला आहे. लवकर कर बाप्पा, त्याचे हात थरथरून राहिले असतील.