लाल दोऱ्याची पुरचुंडी आणि नातू परत मिळणेबाबत

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी साहेब,
बालकल्याण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आमच्या घरच्या खेळवर्गावर मारलेला शेरा खोडून नातू घरी परत पाठविणेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षक बाईंची गेल्या महिन्यातली भेट.

महोदय,

खाली सही करणारी मी वरील विषयी लिहिते की, घर माझे आहे, नातू माझा आहे आणि अक्षरही माझेच आहे. कोपऱ्यावरचा टायपिंगवाला लिहून देतो म्हणाला होता, पण त्याने माझ्या बोलण्यात पाणी घातले असते. शाळा मी फार पाहिलेली नाही, तरी चुका काढत बसू नये.

१) माझी सून आमच्या मधल्या खोलीत चालायला लागलेल्या पोरांचा वर्ग चालवत होती. त्याला ती सेन्सरी प्ले म्हणते. म्हणजे काय, तर मी निवडून ठेवलेले तांदूळ ती हिरवे-निळे रंगवून टबात ओतणार, पिठात मीठ आणि तेल घालून गोळे करणार, साबणाचा फेस फेटून टेबलावर थापणार, आणि पोरे त्यात कोपरापर्यंत हात घालून बसणार. त्यांच्या आया भिंतीला टेकून कौतुक करणार. मी विचारले तेव्हा मला म्हणाली, "आई, मुलं हातांनी शिकतात." मी म्हटले, "माझा मुलगा चमच्यानं शिकला, तरी तुला पसंत पडलाच ना?" ती पुढचा गोळा मळायला बसली. तिचे हात थांबत नाहीत, तेवढा एक गुण आहे.

२) वर्ग सुटला की निस्तरणारी मी. तांदूळ कपाटाखाली, पीठ सतरंजीच्या विणीत. झाडू, सुपली आणि कचऱ्याचा डबा घेऊन मी दारापाशी बसकण मारायची आणि लोटून लोटून डब्यात भरायची. नातू समोर उभा राहून बघायचा. मनात आले तर एखादा दाणा आपणही उचलून टाकायचा.

३) पुढे तिने वासाचा खेळ काढला. लिंबाची साल, साबण, कॉफीची पूड अशा कापडी पुरचुंड्या बांधल्या. शिवाय घरच्या माणसांच्या उशीच्या अभ्र्यांचे तुकडे कापून त्यांच्याही बांधल्या. तिची लाल दोऱ्याची, माझ्या मुलाची निळ्या, माझी पांढऱ्या. नातवाने एकेक हुंगली. आईची नेऊन तिच्या बसायच्या गादीवर ठेवली, बापाची दारातल्या जुन्या बुटात कोंबली आणि माझी कचऱ्याच्या डब्यात टाकली. साऱ्या आया हसल्या. एक म्हणाली, "आजींचा निकाल लागला की हो." सूनही हसली. बाकीच्यांचे सोडून देते. ती हसली.

४) मी तेव्हा डब्यातली माझी पुरचुंडी उचलून परत जागेवर ठेवली. आपल्या निरीक्षक बाई येणार होत्या त्या सकाळी मी लाल दोरा सोडला, तिच्या अभ्र्याचा तुकडा शेगडीत घातला आणि त्या जागी माझा बांधला. दोरा लालच ठेवला. पांढरी पुरचुंडी उचलून टाकली. बाई खुर्चीत बसल्या, आया भिंतीशी. सुनेने ऐटीत सांगितले, "लाल माझी आहे, आता बघा हं." नातवाने हुंगली, आईसमोरून तुरुतुरु चालत गेला आणि डब्यात टाकली. या वेळी कोणी हसले नाही. मीच म्हटले, "काय गं, पोटचं पोरही ओळखेना का तुला?"

त्यानंतर सून रोज साबण बदलून बघायची. अंग घासून घासून लालबुंद केले. पोराला उचलण्याआधी स्वतःचा हात हुंगायची. मला ते बघून बरे वाटले, ते कशाला लपवू.

५) इथवर सगळे माझ्या मनासारखे होते. घोटाळा आपल्या खात्याने केला. बाईंनी शेरा मारला की मूल आईला नाकारते, घरात काही ताण असावा, सबब वर्ग बंद करावा आणि आई-मुलाला काही काळ या घरापासून दूर ठेवून पाहावे. सून पोराला उचलून बहिणीकडे निघून गेली. मला सून घालवायची होती, नातू नव्हे. एवढा फरक शिकलेल्या बाईला कळू नये? माझा मुलगा रविवारी त्यांना बघून येतो आणि जेवताना भिंतीकडे बघत बसतो. त्याचे विशेष नाही, तो पहिल्यापासून तसाच.

६) परवा दारातले बूट झाडताना त्यातून निळी पुरचुंडी पडली. मी ती हातात घेऊन तिथेच खाली बसले. बाप बुटात, कारण बाप सदा बाहेर निघालेला. आई गादीवर. ज्याची त्याने जी जागा पाहिली, तिथे त्याला नेऊन ठेवले. मग माझी जागा त्या पोराने कुठे पाहिली असणार? त्याने मला टाकले नव्हते, साहेब. माझे मला आणून दिले होते. आणि आईला तर त्याने कधी टाकलेच नाही. लाल दोऱ्यातूनही मलाच ओळखले.

७) तरी विनंती अशी की, शेरा खोडावा आणि नातू घरी पाठवावा. सून त्याच्यामागे येईलच, तिला मी दारात अडवणार नाही. वर्ग चालवायचा तर चालवू दे, मी झाडीन. मात्र शेरा का खोडला ते तिला कळवू नये. पुरचुंडीचे मी आपल्याला सांगितले, तिला सांगणार नाही. पोराने आपल्याला टाकले असे तिला वाटते, ते तसेच वाटू द्यावे. ती माझ्यावर हसली तेव्हा खरे काय ते मलाही कोणी सांगितले नव्हते.

आपली नम्र
(तसे लिहायची रीत आहे म्हणून),

सही
घराची मालकीण व मुलाची सख्खी आजी
दिनांक : अर्ज पोचेल तो धरावा. मी स्वतः आणून देत आहे.

सोबत : लाल दोऱ्याची पुरचुंडी, एक. खात्री करून परत द्यावी, धुऊ नये. नातू आला की त्याच्या हातात द्यायची आहे. कचऱ्याचा डबा घासून, कोरडा करून, जागेवर ठेवला आहे.