दोराला हात लावला त्याचा वाटा

प्रिय मामा,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नका. खरं तर फोनच करणार होतो. पण तुमची सवय मला माहीत आहे. माझा फोन आला की तो स्पीकरवर टाकणार, बैठकीतल्या लोकांकडे बघून डोळा मारणार आणि म्हणणार, “बोल बेटा जाबिर, अमेरिकेतून बोल, सगळे ऐकतायत.” पत्राचं तसं होत नाही. ते एकट्यानं वाचावं लागतं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, ते चालवून घ्या. सहावीत तुम्ही मला शाळेतून काढून तुमच्या पाण्याच्या पंपावर बसवलंत, तेव्हापासून हाताला डिझेलच्या कॅनची सवय, पेनाची नाही.

तुमचा निरोप फोनवर ऐकला. टॅक्सी चालवत होतो, मागे गिऱ्हाईक होतं. आवाज इतका गोड की वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा निरोप आला. “जाबिर बेटा, माझ्या लेकीसाठी, रिहाबसाठी, तुझ्याशिवाय दुसरा मुलगा डोळ्यासमोर येत नाही. ईदला ये, बोलणी करू. आणि एकदा का लग्न झालं, की तुझी आई रांगेत कशाला उभी राहील? आमच्या शेजारी ओट्यावर बसेल.” वा मामा. हे तेच ओठ ना, ज्यांनी मी निघालो तेव्हा म्हटलं होतं, “या तेलकट पोराला माझ्या अंगणात चहासुद्धा देऊ नका, कप वास मारतो”? आता मी अमेरिकेत आहे म्हटल्यावर वास गेला वाटतं. रिहाबवर माझा राग नाही. तिला विचारलंत का, एवढंच सांगा. विचारलं नसेल. तुमच्या घरात बाईला विचारायची पद्धत नाही, हे माझ्या आईइतकं कुणाला माहीत असणार.

तर आधी तुमची अमेरिका तुम्हाला सांगतो, म्हणजे बैठकीत फुशारकी मारताना चुका होणार नाहीत. मी आहे अमेरिकेच्या अगदी उत्तर टोकाला, इथे एकही झाड नाही. हिवाळ्यात दोन महिने सूर्य तोंड दाखवत नाही. रस्ते गावाच्या वेशीपर्यंतच, पुढे बर्फ आणि समुद्र. इथले मूळ लोक इनुपियात. मी पहिल्यांदा त्यांची घरं बघितली तेव्हा मला हसूच आलं. प्रत्येक दारात दोन-तीन मोडक्या बर्फगाड्या, फाटकी ताडपत्री, हाडं, टांगलेली कातडी. जमिनीखालून तेल निघतं, त्याचे पैसे यांना दर वर्षी घरबसल्या मिळतात, आणि तरी कुणाच्या घराला कुंपण नाही, फाटक नाही, दगडी सिंह नाहीत. तुमच्या फाटकावर दोन सिंह आहेत, एकाचं नाक फुटलंय. मी म्हटलं, काय दळभद्री माणसं. पैसा आहे तर दिसू तरी द्या.

आणि ते पैसे तरी कसले. एक टोमॅटो विकत घेताना इथला माणूस जेवढा विचार करतो तेवढा आपल्याकडे म्हैस घेताना करतात. तिथे तुम्ही पिकलेले टोमॅटो भाव पडला म्हणून कालव्यात ओतता, इथे म्हातारी बाई दुकानात एकच टोमॅटो हातात धरते, दाबून बघते आणि परत ठेवते. आपल्याकडे सरकारी भाकरीसाठी पहाटेपासून बायका भट्टीपुढे ढकलाढकली करतात. इथे कित्येक घरांत नळ नाही, पाणी टँकरनं येतं, घाण बादलीनं जाते. आपली पोरं कहवाखान्यात बसून नोकरीची वाट बघतात, इथली पोरं बर्फगाडीवर बसून गावाभोवती त्याच त्या चकरा मारतात. दोन्हीकडे सरकार लांब कुठेतरी बसलंय आणि तिथूनच ठरवतं यांना काय हवंय. इथल्या म्हाताऱ्यांना शाळेत स्वतःच्या भाषेत बोललं म्हणून छड्या खाव्या लागल्या. हे एका आजोबांनी मला टॅक्सीत हसत सांगितलं. मलाही तसं हसता येतं. गरीब माणूस जिथला असो, असल्या गोष्टी हसतच सांगतो.

पण मी ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय तो माणूस वेगळा. एलायजा. देवमाशाच्या शिकारीला जी नाव जाते तिचा तो तांडेल. इथे तांडेल म्हणजे मोठा मान, आपल्याकडे तुम्हाला आहे तसा. म्हणून मी पहिल्यांदा त्याला भेटायला निघालो तेव्हा शर्ट खोचला, केस विंचरले. तर हा बाबा पाण्याचा टँकर चालवत होता. हातमोज्याला भोक, त्यातून अंगठा बाहेर. तुम्ही त्याला ओट्यावर बसू दिलं नसतंत. वर्षभर टँकर चालवून जे कमावतो ते सगळं नावेच्या तेलात, दोरात, माणसांच्या जेवणात घालतो. मासा मिळाला तर? विकायचा नाही, बंदी आहे. वाटायचा. जमिनीत खोल खोदलेलं त्याचं मांसाचं तळघर हल्ली गळतं, कारण खालचं बर्फ वितळायला लागलंय. म्हणजे ठेवायलाही जागा नाही. मी त्याला तोंडावर विचारलं, “मग तुला काय मिळतं?” म्हणाला, “मासा मिळतो.” मनात म्हटलं, याच्या डोक्यात थंडी शिरलीय.

त्याची बायको ऑलिव्ह. सगळं गाव तिला आका म्हणतं, म्हणजे आजी. गुडघा दुखतो, लंगडत चालते, पण जीभ धडधाकट. मला नावानं कधीच हाक मारत नाही. “ए टॅक्सी.” गेल्या वर्षी मे महिन्यात तिनं टॅक्सी बोलावली. एलायजाला मासा मिळाला होता, आणि बर्फावरच्या माणसांसाठी रस्सा, ब्रेड, कॉफीचे थर्मास पोचवायचे होते. किनाऱ्यापर्यंत मी नेलं. पुढे बर्फावरून घसरगाडीला दोर बांधून सामान ओढत नेतात. मला म्हणाली, “ए टॅक्सी, बघतोस काय, बस मागे. तिथे हात कमी पडतायत.” मी विचार केला, वेळेचे पैसे लावू, आणि गेलो.

मामा, असला प्राणी तुम्ही पाहिला नाही. तुमचा अख्खा गोठा त्याच्या पोटात मावेल. पाण्यातून तो बर्फावर ओढायचा, तोही हातांनी. जाड दोर, कप्प्या, आणि दोराला अख्खं गाव लटकलेलं. शाळेतली मास्तरीण, दुकानातला पोरगा, दवाखान्यातली बाई, म्हातारे, बायका, सगळे एका दोराला. कुणीतरी ओरडायचं, सगळे मागे चालायचे, थांबायचे, पुन्हा. कोण कुणाचा साहेब, काही कळेना. माझ्या पुढे एक जाडा माणूस होता, दर वेळी घसरून माझ्या पायावर बसायचा आणि म्हणायचा, “माफ कर, मीच दुसरा मासा आहे.” तळहात सोलले. संपल्यावर मी ऑलिव्हला मजुरी मागितली. ती एवढी हसली की तिला गुडघा धरून बसावं लागलं. “मजुरी? अरे टॅक्सी, वाटा मिळेल तुला.” मी मनात शिव्या घातल्या. वाटा म्हणे. लहानपणापासून ऐकत आलोय तो शब्द, मिळालेला कुणाला बघितला नाही.

जूनमध्ये त्यांचा सण झाला. ज्यांना मासा मिळाला ते गावाला जेवू घालतात, मांस वाटतात. मी मैदानाच्या कडेला टॅक्सी उभी करून काच खाली घेऊन बघत बसलो. म्हटलं, बघू या, इथली रांग कशी लागते. मामा, रांग नव्हतीच. लोक घरच्या माणसांबरोबर गोल करून जमिनीवर बसलेले, पुढे डबे, पातेली, गप्पा चाललेल्या, पोरं उड्या मारतायत. आणि चालत होते ते देणारे. एलायजा बादली घेऊन प्रत्येकापुढे वाकत होता. अंगठा अजून मोज्याबाहेरच. घेणारे बसलेले आणि देणारे उभे. मी वेड्यासारखा बघत राहिलो. मला माहीत असलेल्या जगात हे उलटं असतं.

मला माहीत असलेलं जग म्हणजे तुमचं अंगण. मोठ्या ईदची सकाळ, ओट्यावर तुमची खुर्ची, शेजारी निळ्या पिशव्यांचा ढीग. बायका भिंतीच्या कडेनं उन्हात उभ्या. तुमचा मोठा मुलगा मोबाइल उंच धरून फिरतोय, “जरा इकडे बघ गं, तोंडावरचा पदर काढ.” आणि त्या बायकांत माझी आई. काळी शाल नाकापर्यंत ओढलेली. तिची पाळी आली की तुम्ही मुद्दाम मोठ्यानं म्हणता, “बहिणीला थोडं जास्त घाल रे.” आणि लोक म्हणतात, भाऊ असावा तर हाजी शाझलीसारखा. आई घरी येते, पिशवी मोरीत ठेवते, हात धुते, पुन्हा धुते. ते मटण तिनं स्वतः कधी खाल्लेलं मी पाहिलेलं नाही. मला वाढायची आणि म्हणायची, “मला दातानं चावत नाही.” तेव्हा तिचे सगळे दात शाबूत होते.

हे आठवत असतानाच ऑलिव्ह लंगडत टॅक्सीपाशी आली. खिडकीतून एक मोठा तुकडा माझ्या मांडीवरच ठेवला, काळं कातडं आणि खाली गुलाबी चरबी. मी म्हटलं, “आका, मी खैरात घेत नाही.” ती म्हणाली, “खैरात म्हणजे काय?” मी सांगितलं, श्रीमंत माणूस गरिबाला देतो ते. तिनं कमरेवर हात ठेवून मैदानभर नजर फिरवली, अगदी खरोखर शोधल्यासारखी, आणि विचारलं, “यातला श्रीमंत कुठला?” मीही शोधून बघितलं. मग म्हणाली, “हे बघ टॅक्सी, दोराला हात लावलास ना? मग हे तुझंच आहे. आम्ही फक्त आणून दिलं. तू नाही घेतलंस तर तुझं मांस आमच्या तळघरात राहील, आणि माझा नवरा चोर ठरेल. या वयात त्याला चोर करू नकोस.” आणि गेली पुढच्या माणसाकडे. मी तो तुकडा खाल्ला. चव म्हणाल तर सायकलच्या ट्यूबमध्ये लोणी भरल्यासारखी. पण सगळा खाल्ला, आणि खाताना आईची आठवण आली, तेही लिहून ठेवतो.

कारण मामा, दोराला हात कुणी लावला होता? तुम्ही लष्करात होता, सिनाईच्या वाळूत तंबूत पत्ते कुटत. आजोबा खाटेला खिळलेले. कालव्याकाठच्या त्या शेताला रात्रीची पाण्याची पाळी कोण धरत होतं? चिखल उपसून डोक्यावरून कोण वाहत होतं? आई. तिची मान अजून डावीकडे पूर्ण वळत नाही, ती त्या टोपल्यांमुळे. आजोबा गेले, तुम्ही परत आलात आणि म्हणालात, जमीन परक्या घरात जायची नाही. परकं घर म्हणजे माझ्या बापाचं. भावाचे दोन वाटे आणि बहिणीचा एक, हे काही मी ठरवलेलं नाही, देवानं ठरवलंय. पाचही नमाज पढता, हज करून आलात, घराच्या भिंतीवर काबा रंगवून घेतलात, आणि देवानं ठरवलेला तो एक वाटा एका शेळीवर आणि झग्याच्या कापडावर मिटवलात. शेळी त्याच वर्षी मेली. तेव्हापासून त्या शेतातला घास तुमचे मेंढे खातात. ईदला तेच मेंढे कापता, आणि आईला तिच्याच शेताचं मटण निळ्या पिशवीत घालून देता, वर थोडं जास्त.

मी इथल्या लोकांना दळभद्री म्हणत होतो. त्यांच्याकडे फाटक्या ताडपत्र्या आहेत, गळकं तळघर आहे, महाग टोमॅटो आहेत. तुमच्याकडे सिंह आहेत. तुम्हीच बघा कोण दळभद्री.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. रिहाबला नकार द्यायला एक ओळ पुरली असती. लग्नाच्या मिषानं आईला ओट्यावर बसवायचं आणि वाट्याचं नाव कायमचं बुजवायचं, हे मला कळतं, सहावीत शाळा सुटली असली तरी. मी ईदला येतोय. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, कळलं तर ती म्हणेल, “जाऊ दे, तुझा मामा आहे तो,” आणि शाल शोधायला लागेल. पत्र पोचेल आणि ईद येईल यात थोडे दिवस आहेत. तेवढ्यात तुम्ही स्वतः उठून, चालत तिच्या दारी गेलात आणि म्हणालात, सनिय्या, कालव्याकाठचं शेत तुझं, तर मी तुमच्या हाताचं चुंबन घेईन, मनापासून घेईन, आणि हे पत्र कुणी पाहिलं नाही असं समजू. नाही गेलात तर ईदच्या सकाळी आई घरी बसेल आणि भिंतीच्या कडेनं, बायकांच्या रांगेत, तिच्या जागी मी उभा असेन. माझी पाळी येईल. तुमच्या पोराला सांगा, मोबाइल नीट धर, आवाज पण येऊ दे. तुम्ही पिशवी पुढे कराल तेव्हा मी म्हणेन, पिशवी नको मामा, माझ्या आईचा वाटा द्या. आणि त्या वेळी, मेहेरबानी करून, थोडं जास्त घाल असं म्हणू नका. जास्त नको आहे. तिचं आहे तेवढंच.

तुमचाच भाचा,
सनिय्याचा जाबिर