ह्यांच्या फटफटीचं इंजिन

९ नोव्हेंबर ८६, रविवार

अनंतभावजी सकाळीच आले. आले की आधी थोरल्या भावाच्या फोटोपुढे उभे राहतात, तसे राहिले. मग चहा. चहा निवला तरी कपाला हात लावीनात. तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागायला आलेत. चकल्या संपल्यात हे त्यांना भाऊबीजेलाच कळलंय, म्हणजे चकल्या नव्हेत.

शेवटी म्हणाले, "वहिनी, दादाच्या फटफटीचं इंजिन द्याल का?"

"कशाला?"

"विमानाला."

मी हसले. ते हसले नाहीत. हवाई दलात सगळी नोकरी गेली, दुसऱ्यांची विमानं खोलायची, जोडायची, पुसायची आणि खाली उभं राहून वर बघायचं. रिटायर होऊन रत्नागिरीला आल्यापासून परसात पाइप वाकवत बसतात. मला वाटे, मांडव घालताहेत. तर विमान! एका माणसाचं. इंजिन तेवढं नाही. नवं आणायची ऐपत नाही, आणि फटफटीचं चालतं म्हणे. परदेशात लोक सर्रास लावतात.

बघू म्हटलं. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. पण आज खरंच बघू.

१० नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर पडवीतलं गोणपाट काढलं. हे गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. पालीची अंडी सापडली. पेट्रोलचा वास पार गेलाय. हँडलची रबरं ह्यांच्या पंजांनी झिजून गुळगुळीत, डावं जास्त.

मागच्या सीटवर माझी जागा अजून दबलेली दिसते. पुढे मी कधी बसलेच नाही. अलोऱ्याच्या कॉलनीत होतो तेव्हा दर उन्हाळ्यात म्हणायचे, यंदा तुला शिकवतो. मग पोफळीच्या वीजघरातली शिफ्ट ड्यूटी, मग माणिक झाली, मग बदली. राहिलं ते राहिलं.

इंजिन काढलं तर उरेल काय? दोन चाकं आणि मी.

१४ नोव्हेंबर

शैला आली होती. धाकटी जाऊ, पण एरवी अशी कोपऱ्यात बसत नाही. भावजी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेल्याचं बघून आली असणार.

"ताई, इंजिन देऊ नका. बाकी सगळं जमवलंय त्यांनी. तुम्ही नाही म्हटलंत की जमिनीवर राहतील."

मी म्हटलं, एवढं काय, नुसता हौसेचा खेळ.

"तुम्हाला खेळ. माझं कुंकू आहे ते."

बोलली आणि माझ्या कपाळाकडे बघून स्वतःच गोरीमोरी झाली. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या स्वेटरचा गळा कसा घालायचा ह्यावर बराच वेळ बोललो. रत्नागिरीत स्वेटर कोणाला लागतो, देव जाणे.

२२ नोव्हेंबर

कुळीथ निवडत होते आणि एकदम कुंभार्ली घाट आठवला. कराडला माझ्या मावशीकडे जायचो तेव्हाचा. धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. मी एका बाजूला पाय सोडून, पदर कमरेला, पिशवीत मावशीसाठी सोलं आणि सुकट. सुकट घाटभर वास मारत होती. गिअर बदलायच्या आधी हे मान जराशी वळवून म्हणायचे, "धरून बस गो." सरळ रस्त्यालासुद्धा म्हणायचे. मी म्हणे, धरलंय. ते म्हणत, नीट धर.

घाटात फटफटीचा आवाज दरीत जाऊन परत यायचा. वाटायचं, पलीकडच्या डोंगरातूनही एक जोडपं चाललंय. गोव्याला गेलो तेव्हा फेरीबोटीत मी खाली उतरले नाही, बसूनच राहिले. लोक हसले. हे म्हणाले, हसू देत, महाराणी आहेत.

आता ती पडवीत गप्प उभी असते. आवाजच नाही तर फटफटी कसली? गोणपाटाखालचं लोखंड. त्या दिवशी धूळ झटकताना ह्यांची इतकी आठवण आली की रागच आला. सांभाळून ठेवलं ठेवलं म्हणते, तर मी काय सांभाळलं?

शैलाचंही खरं आहे. तिला भीती वाटते ती खोटी नाही. पण हे असते तर काय म्हणाले असते ते मला पक्कं माहीत आहे. म्हणाले असते, घेऊन जा अनंता, आणि आधी मला बसव.

३० नोव्हेंबर, रविवार

दिलं.

एक अट घातली. काढायच्या आधी इथं, अंगणात, एकदा चालू करून दाखवा. भावजींनी प्लग घासले, काबुरेटर धुतला, किका मारून मारून घामाघूम झाले. मी आत जाऊन सरबत करायला घेतलं, आणि लागली.

तोच आवाज. आधी खोकल्यासारखा, मग दोन्ही सिलिंडर एकदम धरतात तो. चमचा तसाच टाकून अंगणात आले. शेजारच्या बर्वेकाकू पीठभरल्या हातांनी धावत बाहेर आल्या आणि मधल्या दगडी गडग्यापाशी थबकल्या. हा आवाज आला की त्या हाक मारायच्या, "आले गो तुझे!" आज तोंड उघडलं होतं त्यांनी. मिटून घेतलं. मग आम्ही एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो. मी रडले. उगाच नाही लिहिणार की डोळ्यांत धूर गेला.

दुपारी इंजिन काढलं. भावजी हँडलही मागत होते, विमान वळवायला. म्हटलं न्या. अर्धवट कशाला.

शैला बोलत नाही माझ्याशी.

२१ डिसेंबर, रविवार

भावजींबरोबर मिरकरवाड्याला. पंखांचं कापड शिडाचं आहे, ते तिथल्याच एका म्हाताऱ्यानं शिवून दिलं. बर्फाच्या लाद्या, जाळी, मासळीचा लिलाव, त्यातून साडी वर धरून चालले. बाबी सुताराकडे पुढचा पंखा करायला दिलाय. बाबी होड्या बांधतो, इंजिनाच्या होड्यांचे पंखे ओतायला लाकडी नमुने कोरून देतो, हात सोन्याचा. फणसाचं लाकूड, पॉलिश असं की तोंड दिसावं.

मी विचारलं, विमानाचा पंखा कधी केलायत का?

"पंखा तो पंखा, वैनी. पान्यात काय नि वाऱ्यात काय. फिरला की झाला."

भावजींनी दोन्ही टोकं तोलून बघितली. दोरीवर टांगला तर कुठे झुकला नाही. खूष. येताना मला म्हणाले, मुंबईहून रत्नागिरीला छोट्या विमानाची सर्व्हिस सुरू होणार असं पेपरात आलंय, तिकीट फार नसेल. मी म्हटलं, मग थांबा की, तिकीट काढून बसा.

"ते बसणं झालं, वहिनी."

बरोबर आहे त्यांचं. एस्टीनं आम्हालाही घाट चढता आलाच असता.

११ जानेवारी ८७, रविवार

आज सड्यावर, कड्यापर्यंत पसरलेल्या उघड्या माळावर. गवत कापलेलं, कातळ मोकळा, वारा नाही. टेम्पोतून सगळं नेलं आणि जोडलं. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. ह्यांच्या फटफटीचं इंजिन नाकाशी, ह्यांचं हँडल भावजींच्या पुढ्यात. उडवायला परवानगी लागते, दिल्लीला अर्ज गेलाय, उत्तर नाही. म्हणून आज "नुसतं पळवून बघू." असं म्हणताना भावजी माझ्याकडे बघत नव्हते.

होडी पहिल्यांदा पाण्यात घालताना करतात तसं बाबीनं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"हे बारा गावच्या बारा वेशीच्या म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान ही होडी..." कोणीतरी कोपरखळी मारली. "...हा इमान भायेर काढलान हाय. त्याला वाऱ्यावावधानातना सांभाळून परत किनाऱ्याला लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे. शैलासुद्धा. ती लांब, डब्यांपाशी, पाठ करून उभी होती.

इंजिन लागलं. भावजींनी रेस दिली. विमान थरथरलं, हललं, आणि मागे निघालं.

मागे! शेपटी पुढे घालून, सरळ, आमच्याच अंगावर. माणसं पांगली. भावजी पुढे बघून आणखी रेस देताहेत, त्यांना वाटलं चाक अडकलंय. पोह्यांचा डबा गेला, टेम्पोच्या दारापाशी थांबलं.

मग शैला हसायला लागली. इतकी हसली की खालीच बसली.

१२ जानेवारी

भावजींनी समजावून सांगितलं ते असं. होडीचा पंखा मागे असतो, होडीला ढकलतो. ह्याचा पुढे, ह्यानं ओढायला हवं, आणि इंजिन ह्याला होडीच्या उलट बाजूनं फिरवतं. बाबीनं सवयीनं पात्यांना होडीचाच पीळ दिला. भावजींनी वजन बघितलं, गुळगुळीतपणा बघितला, पीळ बघितला नाही. बाबी म्हणतो, उलटा करून बसवू. उलटा केला तरी पीळ तोच राहतो म्हणे. कागद पिळून बघितला, खरंच राहतो.

बाबीला फार लागलंय. भावजींना त्याहून. म्हणाले, "जाऊ दे वहिनी. इंजिन परत आणून देतो. पडवीत होतं तसं बसवतो."

शैला माझ्याकडे बघत होती. आता हो म्हणा, असं तोंडावर लिहिलेलं. मला हो म्हणणं सोपं होतं. गोणपाट अजून पडवीतच आहे.

म्हटलं, नको. ते परत गप्प झालेलं मला चालणार नाही. दुसरा पंखा करा.

शैला उठून आत गेली. संक्रांतीच्या वड्या थापत होती त्यांचा आवाज जरा मोठा यायला लागला.

१ फेब्रुवारी, रविवार

शिवणीच्या लाकडाचा नवा पंखा, हलका. बाबीनं ह्या वेळी आधी बोटानं हवेत फिरवून दाखवला. गाऱ्हाणं थोडक्यात आटोपलं.

पुढे गेलं! कातळावर ठोकर खात, मग सुसाट. शेपटी उचलली. आता उठेल, आता उठेल. चाकं काही जमीन सोडेनात. कड्याच्या बरंच अलीकडे थांबवलं, वळवलं, पुन्हा तेच. चार फेऱ्या झाल्या. इंजिन ओरडत होतं तसं घाटाच्या शेवटच्या वळणाला ओरडायचं. आम्ही दोघं, सामान, आणि हे पुढे वाकून त्याला चुचकारताहेत, चल चल, आलं बघ.

भावजी उतरले तेव्हा चेहरा पडला होता. शैलाचा खुलला होता. तिनं लगेच तो झाकलाही, बिचारीनं.

४ फेब्रुवारी

भावजी आले. फोटो. चहा निवला. म्हटलं आता काय?

"वहिनी, तुमचं वजन किती?"

असं कोणी दिरानं विचारल्याचं ऐकलं नाही. त्यांनी हिशेब मांडलाय. इंजिनात दोष नाही, भारच जास्त आहे. त्यांच्याऐवजी कोणी हलकं माणूस बसलं तर उचलेल. आणि माझ्याइतकं हलकं माणूस आमच्या घराण्यात दुसरं नाही, हे लग्नात सासूबाईंनीही बोलून दाखवलं होतं.

मी म्हटलं, मला सायकलसुद्धा येत नाही.

"पळवायचंय फक्त. उचलायचं नाही. हलकं लागतं का, तेवढं बघायचं." आणि मग, खाली बघत, "दुसऱ्या कोणाला दादाचं इंजिन द्यावंसं वाटत नाही."

स्वतः आयुष्यभर खाली उभे राहिले. आता जमलं तर पुन्हा खालीच उभे राहायला तयार. म्हटलं, बघू.

५ फेब्रुवारी

शैला आली. "ताई, तुम्ही का?"

"तुझ्या नवऱ्याला भात आवडतो म्हणून."

हसली नाही. माझा हात धरून बसली. म्हणाली, त्यांच्यासाठी भ्यायले, आता तुमच्यासाठी भ्यायचं का मी? मला तिच्याबद्दल एवढं कधी वाटलं नव्हतं. माणिकला पुण्याला कळवलेलं नाही. कळवलं की ती पहिल्या एस्टीनं येईल.

७ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी भावजींच्या परसात शिकवणी. पंख्याची चेन काढून ठेवली, नुसतं इंजिन चालू. रेस ही. बंद करायचं ते इथं. हँडल ओढलं की नाक वर, तिकडे हात न्यायचाच नाही, असं तीनदा सांगितलं. म्हणजे नेमकं काय केलं की काय होतं ते मला आता पक्कं कळलंय.

रबरावर हात ठेवले. ह्यांचे पंजे मोठे. झिजलेल्या खळग्यात माझी बोटं भरत नाहीत, दोन्ही बाजूंना जागा उरते. पुढे बसलं की सगळं वेगळंच दिसतं. मागे बसून मी इतकी वर्षं ह्यांच्या शर्टाच्या रेघा बघितल्या. हे काय बघत होते ते आज दिसलं. नुसती मोकळी वाट, आणि पुढे कोणीच नाही.

उद्या सकाळी वारा उठायच्या आत निघायचं. दिल्लीचं उत्तर आलेलं नाही.

शैला म्हणाली, "उचलायचं नाही हं ताई. कबूल करा." मी मान हलवली. कशी हलवली ते तिनंही नीट बघितलं नसावं, किंवा बघितलं असेल. वाकली, माझा पदर ओढून घेतला, कमरेला घट्ट खोचला, दोनदा ओढून बघितला.

म्हणाली, "धरून बसा हो."

तिला काय ठाऊक. भावजी बंद करा म्हणून खूण करत होते. मी थोडा वेळ चालूच ठेवलं.