रविवारी पंचवीस मिनिटं

२ मार्च, रविवार

बदली पक्की झाली. मोठं शहर, मुख्य ऑफिस, आणि कंपनीच्या झाडून सगळ्या बिस्किटांच्या व्हॅन कुठून कुठे जाणार हे ठरवणारा मी. इथले साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले की तुमच्यासारखा माणूस तिथेच हवा. ‘तिथेच’वर फार जोर दिला त्यांनी. भरून आलं.

आता घर. ‘घर पाहावं बांधून’ असं म्हणतात. भाड्याने घेण्याबद्दल पूर्वजांनी काहीच म्हटलेलं नाही, म्हणजे ते सोपं असणार. शहराच्या मध्यातली भाडी ऐकून बायको म्हणाली की एवढ्या पैशात आपल्याकडे घरमालकासकट घर येतं. तेव्हा उपनगर. लोक उपनगर मनाने निवडतात आणि मग रडतात. मी पद्धतशीर निवडणार. बारा वर्षं रूट प्लॅनिंग उगाच नाही केलं.

अटी तीन. भाडं झेपणारं. शाळा चालत जाण्याइतकी जवळ. आणि संध्याकाळी उजेड असताना मी घरी. तिसरी अट ठकीची. ठकी आठ वर्षांची आहे. सायकलची आधाराची चाकं काढायची वेळ आली आहे, आणि मागून सीट बाबांनीच धरायची, दुसऱ्या कुणीही नाही, असं तिने बजावलं. मी शब्द दिला. मी दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही. (सिगारेटचा सोडून. तो मी स्वतःला दिला होता.)

आजपासून रोज लिहायचं.

८ मार्च, शनिवार

मधले दिवस आवराआवरीत गेले.

मेहुण्याकडे उतरलो आहे. घर मिळेपर्यंत इथेच, त्यांच्या हॉलमध्ये, सोफ्यावर. बायको आणि ठकी मागून येतील. मेहुणा आणि त्याची बायको दोघंही प्रेमळ. माझ्या घराची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. सकाळी उशाशी पेपर ठेवतात, ‘भाड्याने देणे’ वर येईल असा दुमडून. आज मेहुण्याने विचारलं की भाऊजी, साधारण कधीपर्यंत? मी म्हटलं, घाईत घेतलेलं घर म्हणजे घाईत केलेलं लग्न. त्याने पेपर पुन्हा नीट दुमडला. पटलं असावं.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसात शिस्त नाही. ड्रायव्हर मंडळी व्हॅन वाटेल तेव्हा परत आणतात आणि विचारलं की एकच तुणतुणं: ट्रॅफिक. सगळ्यात वाईट रूट नंबर नऊ. अंधार पडायच्या आत ती व्हॅन एकदाही परत आलेली नाही. तिच्या मिशीवाल्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं. म्हणाला, साहेब, पुलावर अडकायला होतं. मी विचारलं, पूल काय हलतो? तर म्हणाला, हलत नाही हीच तक्रार आहे. उर्मट माणूस.

तक्त्यावर रूटचं अंतर बघितलं. फार तर अर्ध्या तासाचं. रूट नऊ बंद करून टाकला. शिवाय एक सर्क्युलर काढलं. त्यातली दोन वाक्यं इथे उतरवून ठेवतो, कारण साधली आहेत: ‘ट्रॅफिक ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही वृत्ती सोडावी.’ तीन उशिरांना एक दिवसाचा पगार कापणे. इकडच्या साहेबांनी लगेच सही केली. नियम सगळ्यांना लागू, असंही त्यांनी स्वतःच्या पेनने खाली लिहिलं. मला त्यांचा हा निःपक्षपातीपणा आवडला.

१६ मार्च, रविवार

मेहुणा सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, गाडी पुसून, मला उपनगरं दाखवायला तयार. किती करावं माणसाने!

गोदामांचं उपनगर: भाडं ठीक, शाळा ठीक, ऑफिस जवळ. पण बघावं तिकडे पत्र्याचे दरवाजे. कॅरेक्टर नाही. नापास. एजंट म्हणाला की सर, इथून तुम्ही दुपारी जेवायला घरी जाल. मी काय जेवायला बदली घेतली आहे?

टेकडीचं उपनगर: हवा चांगली. चढावर मेहुण्याची गाडी दोनदा बंद पडली. खाली उतरून ढकलली. नापास.

तिसरं नीट बघितलं नाही, कारण भूक लागली होती.

रात्री बायकोचा फोन. गोदामांच्या उपनगरात काय वाईट आहे, असं विचारत होती. तिला म्हटलं, तू घर बघतेस, मी भविष्य बघतो. ती म्हणाली की भविष्यात शाळा पुढच्या पंधरवड्यात सुरू होते.

२० मार्च, गुरुवार

मेहुण्याच्या बायकोने सोफा दुरुस्तीला पाठवला. बरेच दिवस मनात होतं म्हणाली. जमिनीवर झोपतो. पाठीला चांगलं असतं.

२३ मार्च, रविवार

सापडलं!

बसच्या शेवटच्या स्टॉपवरचं उपनगर. नवीन इमारती, रुंद रस्ते, झाडं (लहान आहेत, वाढतील). भाडं गोदामवाल्यांपेक्षाही कमी. शाळा समोर. इमारतीभोवती फरसबंदी केलेली मोकळी जागा, सायकल शिकायला मुद्दाम केल्यासारखी. ठकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. एजंटच्या हातात एक चकचकीत पुस्तिका होती, तिच्यात येऊ घातलेलं मेट्रो स्टेशन, येऊ घातलेलं हॉस्पिटल आणि येऊ घातलेलं तळं. तळ्यात बदकं काढली होती.

पण मी पुस्तिकेला भुलणारा नव्हे. स्वतः घड्याळ लावून ऑफिसच्या दारापासून इमारतीच्या दारापर्यंत आलो. पंचवीस मिनिटं! मेहुणा चालवत होता, मी मोजत होतो. वाटेत एक लांबलचक पूल लागतो. अख्ख्या पुलावर आमचीच गाडी. खाली नदी. मी काच खाली करून हात बाहेर काढला आणि म्हटलं की असा पूल रोज ओलांडायला मिळायलासुद्धा नशीब लागतं. मेहुण्याला अचानक खोकला आला. खोकता खोकता म्हणाला, घेऊन टाका भाऊजी.

२४ मार्च, सोमवार

करारावर सही. घरमालक वर्षभराचा करार म्हणत होता. मी त्याला सोडतो होय! उद्या मेट्रो आली की हा भाडं वाढवून आम्हाला बाहेर काढणार. हट्टाने दोन वर्षांचा करून घेतला, मध्येच कुणी मोडला तर अनामत रक्कम बुडाली. घरमालक आधी नको म्हणाला, मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग पटकन सही केली. व्यवहारात समोरच्याला असं पेचात धरायचं असतं.

अकाउंट्सच्या बाईंना पत्ता सांगितला. त्या ‘अय्या’ म्हणाल्या आणि घाईने व्हाउचरं मोजायला लागल्या. हेवा.

३० मार्च, रविवार

सामान आलं, बायको आली, ठकी आली. मेहुण्याने स्वतः खोकी उचलली, घामाघूम झाला तरी थांबेना. त्यांचा सोफाही दुरुस्त होऊन आला म्हणे, कालच.

बायकोला गॅलरीत उभं करून पूल दाखवला. तिने विचारलं की तुम्ही ऑफिसच्या दिवशी येऊन बघितलंत का हे? मी म्हटलं, ऑफिसच्या दिवशी मी ऑफिसात असतो. साधी गोष्ट आहे. मग कधी बघितलंत? रविवारी. सगळं रविवारीच? ती भांडी लावायला आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. नवीन घरात घुमतो.

ठकी सायकल घेऊन तयारच होती. मी म्हटलं, आज खोकी, उद्या संध्याकाळी शिकू. उद्या नक्की ना, असं तिने दोनदा विचारलं. पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.

३१ मार्च, सोमवार

घरी आलो तेव्हा ठकी झोपली होती.

काहीतरी अपघात झाला असावा पुलावर. जाताना तसंच, येताना तसंच. दिसला नाही, पण असणार. त्याशिवाय एवढ्या गाड्या कशाला उभ्या राहतील? ऑफिसला पोचलो तर साहेब घड्याळाखाली उभे. अपवाद म्हणून नोंद.

बायको म्हणाली की ठकी शेवटची बस येईपर्यंत थांबते म्हणत होती. जेवताना डुलायला लागली तेव्हा आत नेलं.

१ एप्रिल, मंगळवार

आजही अपघात.

२ एप्रिल, बुधवार

अपघात नाहीत. सोमवार ते शनिवार असंच असतं, असं बसमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं. शांतपणे सांगितलं. त्यांनी गळ्याभोवती लावायची उशी आणली होती. बसमध्ये बऱ्याच जणांकडे तशी उशी आहे. मी आधी समजलो की मानेचं दुखणं आहे इकडे.

ऑफिसात तिसरा उशीर. एक दिवसाचा पगार कापला. मी साहेबांना ट्रॅफिकचं सांगायला गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून माझंच सर्क्युलर काढून माझ्यापुढे ठेवलं आणि अंगण वाकडं असलेल्या ओळीवर बोट टेकवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

उपाय: उद्यापासून पहाटे निघणे. उजाडायच्या आत पुलापलीकडे. संध्याकाळी साहेब बाहेर पडले की लगेच मागून बाहेर पडणे. सगळं बसतं वेळापत्रकात.

४ एप्रिल, शुक्रवार

पहाटे निघतो. ठकी झोपलेली असते. परत येतो. ठकी झोपलेली असते. साहेब बाहेर पडतच नाहीत, ते ऑफिसच्या वरच राहतात.

तिचे शाळेचे बूट दाराशी असतात, त्यावरून ती शाळेत जाते हे कळतं. आज झोपेत तिचा गुडघा पांघरुणाबाहेर होता. त्यावर खपली होती. शाळेत पडली असेल. बायकोला विचारायचं होतं, पण तीही झोपली होती.

५ एप्रिल, शनिवार

गोडाऊनमध्ये मिशीवाला ड्रायव्हर भेटला. रूट नऊ बंद केल्यापासून तो शहरातल्या शहरात फिरतो आणि दिवसाउजेडी घरी जातो. माझे आभार मानायला आला होता. नवीन घर कुठे घेतलंत, विचारलं. सांगितलं. तो मग म्हणाला, साहेब, ते तर रूट नऊचं शेवटचं दुकान. तुमच्या बिल्डिंगीखालचंच.

आमच्या तक्त्यावर दुकानांना नंबर असतात, जागेचं नाव नसतं. मला कसं कळणार? हे मी त्याला समजावून सांगत असताना तो मिशीवर हात ठेवून दुसरीकडे बघत होता. पाच मिनिटांत अख्ख्या गोडाऊनला कळलं. शेवटी दोन वर्षांच्या कराराचं कळलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. एकाने चहा आणून दिला. हसले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एवढंच म्हणाली आणि पाठ दाबून दिली. मेहुण्याला फोन करून जाब विचारला की तुला माहीत होतं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला की भाऊजी, तुम्ही विचारलं नाहीत. मागून त्याच्या बायकोने सोफा छान झाल्याचं सांगितलं.

असो. उद्या रविवार. शब्द म्हणजे शब्द.

६ एप्रिल, रविवार, सकाळी

शिकवली! एका सकाळीत!

पाना घेऊन खाली गेलो, आधाराची चाकं काढली. नट अगदी सैल, बोटानेही फिरत होते. हल्ली कंपन्या कसंही बसवून देतात. ठकीला आधी थिअरी सांगितली: नजर समोर, ब्रेकवर बोटं, घाबरायचं नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मी सीट धरली. सुरुवातीला ती खूप डगमगली, इकडून तिकडे, जरा जास्तच, आणि सारखी मागे बघून बाबा सोडू नका, बाबा सोडू नका म्हणत होती. धावून धावून मला धाप लागली. मग मी गुपचूप हात काढला आणि पोरगी सुटली सुसाट! कोपऱ्यावर एका हाताने घंटी वाजवत वळली. पहिल्या दिवशी एका हाताने! रक्तातच असतं काही काही. बायको गॅलरीतून बघत होती, तिला टाळ्या वाजवायला लावल्या.

पद्धत बरोबर असली की वेळ लागत नाही. बाकी दिवस नसलो म्हणून काय झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तळमजल्यावरच्या आजींनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुमच्या मुलीला जरा सांगा, बुधवारपासून दुपारभर गोल गोल फिरते आणि घंटी वाजवते, डोळ्याला डोळा लागत नाही. मी म्हटलं, आजी, तुमचा काहीतरी घोळ होतोय, ती आज शिकली. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाल्या.

वर येऊन बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने पूर्ण केली. मग म्हणाली की सोमवारी आणि मंगळवारी ठकी तुमच्यासाठी थांबली. बुधवारी तिने मला खाली नेलं. दोनदा पडली, तिसऱ्यांदा जमलं. काल रात्री तुम्ही यायच्या आत तिनेच चाकं परत बसवायला लावली. बाबांना वाईट वाटेल, म्हणाली. मला ते नट नीट आवळता आले नाहीत.

वाईट वाटलं. खूप वाटलं. ती सकाळी मागे वळून वळून सोडू नका म्हणत होती, ते आठवतंय.

गॅलरीत उभा राहिलो. पूल मोकळा आहे. ठकी खाली फेऱ्या मारते आहे, आणि मी दिसलो की हँडल मुद्दाम थोडं डगमगवते. मीही वरून ओरडलो, नजर समोर! ती हो म्हणाली.

अजून बाहेर चांगला उजेड आहे. उद्या सोमवार. मला झोपायला हवं.