उलटा अपूर्णांक

बुधवार, संध्याकाळ

हुशार मुलीला पुढच्या इयत्तेचं गणित द्यावं की तिच्याच इयत्तेतलं आणखी खोल? मला खरंच माहीत नाही.

माझ्या चौथीतली स्वरा हल्ली मधल्या सुट्टीत सातवीच्या मीनल मॅडमकडे शिकते. आता त्यांना ती रोज गणिताच्या तासाला हवी आहे.

आज स्वरा म्हणाली, "अपूर्णांकाचा भागाकार येते मले. दुसरा उलटा करायचा अन् गुणायचं."

"काहून?" मी विचारलं. एरवी हा 'का?' तिचाच प्रश्न. कागदाच्या घड्या घालून वर्षभर आम्ही हेच तर शोधत होतो.

"तिथं कोणीच काहून नाही विचारत, मॅडम. उलटाच करतात."

मला आनंद झाला. तिला कारण सांगता आलं नाही, याचा आनंद. शी!

आईला म्हटलं, घाईनं पाया कच्चा राहील तिचा. पोळी लाटत आई म्हणाली, "तू जळून राहिली वं."

जळतेच आहे. घरातली पहिली पदवी माझी. मला कुणी पुढे बोलावलं असतं, तर मी थांबले असते का?

मीनल मॅडमना फोन केला. "उद्यापासून स्वराला घ्या. फक्त तिचा काहून सोडू नका."

"तो तुम्हीच सांभाळा ना. दर शुक्रवारी पाठवते तिला तुमच्याकडे."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं.